वरवंट्याचा लॅप टाइम

हिमानीनं विचारलं आणि गोपीनाथराव हळब्यांनी हो म्हटलं, इतकीच सुरुवात. (पुढे जे झालं त्याचा दोष विचारणारीचा की हो म्हणणाऱ्याचा, यावर लखनऊच्या वृंदावन योजना वसाहतीतल्या त्या घरात अजून एकमत नाही.)

लखनऊच्या मराठी मंडळींचा संक्रांतीचा मेळावा दरवर्षी होतो. तिळगूळ, भोगीची भाजी, बाजरीची भाकरी आणि मग स्पर्धा. यंदा तरुण पोरांनी एक नवीच स्पर्धा काढली, पालक-पाल्य कार रेस. खरी नव्हे, पडद्यावरची. टेबलाला स्टिअरिंग लावायचं, पायाशी पेडल, समोर टीव्ही. आधी पालकानं एक लॅप, म्हणजे ट्रॅकची एक फेरी मारायची, मग पाल्यानं. दोघांच्या वेळेची बेरीज ज्यांची सगळ्यात कमी, ते जिंकले.

हिमानी अकरावीत. थंडीमुळे शाळांना सुट्टी, बाहेर गेटसुद्धा दिसू नये असं धुकं, आणि बंगलोरच्या अनुप मामानं पाठवलेलं त्याचं जुनं स्टिअरिंग जेवणाच्या टेबलाला आवळून बसवलेलं. (जेवताना तिच्या आईचा, विनयाताईंचा, पाय रोज ब्रेकवर पडायचा आणि गोपीनाथरावांचं ताट स्टिअरिंगच्या पोटात जायचं.) त्यामुळे आपल्या लॅपबद्दल तिला जराही काळजी नव्हती. काळजी पालकाची होती.

दोन वर्षांपूर्वी हे बापलेक लिंबू-चमच्याच्या शर्यतीत उतरले होते. गोपीनाथरावांनी लिंबू शेवटपर्यंत पाडलं नाही. पण ते रेषेपाशी पोचले तेव्हा बाकीचे स्पर्धक हात धुऊन पंगतीला बसले होते. त्यानंतर हिमानीनं बाबांना कशासाठीच विचारलं नव्हतं. आणि आता ती आपणहून म्हणाली, "बाबा, मेरे साथ रेस में चलोगे?" (लखनऊत वाढलेल्या पोरांना मराठी सगळं कळतं, उत्तर तेवढं हिंदीत येतं.) गोपीनाथरावांना इतका आनंद झाला की त्या दिवशी त्यांनी नावडत्या मुळ्याच्या भाजीची दोनदा तारीफ केली. दीड वर्षात ही पोरगी कुठल्यातरी होस्टेलवर जाणार. त्याआधी एकदा तरी तिच्या बाजूनं जिंकावं, निदान तिला खाली बघायला लावू नये, एवढीच त्यांची इच्छा होती.

गोपीनाथराव रेल्वेत सिग्नलचे इंजिनिअर, हे इथे सांगायला हवं. सव्वीस वर्षं त्यांनी लाल, पिवळा आणि हिरवा याखेरीज चौथ्या रंगाचा गंभीरपणे विचार केलेला नाही. घरचे पडदेसुद्धा हिरवे आहेत.

पहिल्या दिवशी हिमानीनं त्यांना टेबलापाशी बसवलं आणि असिस्ट म्हणजे काय ते समजावलं. नवशिक्याला मशीन मदत करतं, ती असिस्ट. ब्रेकची, गिअरची, चाक घसरू न देण्याची, स्टिअरिंग वळवण्याचीसुद्धा. ज्याला जी हवी ती चालू करावी, नको ती बंद. सगळ्यात सोपी मदत म्हणजे रस्त्यावर आखलेला रंगीत पट्टा. हिरवा असेल तिथे दामटा, पिवळ्यावर सैल सोडा, लाल दिसला की ब्रेक. आजच्यापुरता फक्त पट्टा आणि ऑटोमॅटिक गिअर, असं ठरलं.

गोपीनाथराव निघाले. पहिलं वळण आलं, पट्टा लाल झाला आणि गोपीनाथरावांनी गाडी पट्ट्याच्या अलीकडे दोन हात सोडून जागच्या जागी उभी केली. मागून आलेल्या आठ गाड्या डावी-उजवीकडून निघून गेल्या.

"रुक क्यों गये?" हिमानीनं विचारलं.

"लाल आहे."

"बाबा, रेड मतलब स्लो."

"हळू म्हणजे पिवळा. लाल म्हणजे थांबा. लाल ओलांडला तर ड्रायव्हर निलंबित होतो, माहीत आहे ना?"

तेवढ्यात समोरचा पट्टा हिरवा झाला. गोपीनाथरावांनी मुलीकडे बघितलं (त्या बघण्यात सव्वीस वर्षांची नोकरी होती) आणि गाडी पुढे काढली. त्या ट्रॅकवर चौदा वळणं होती. ते चौदा वेळा थांबले, चौदा वेळा सिग्नल मिळाला. लॅपची वेळ आली सहा मिनिटं चाळीस सेकंद. हिमानीनं कपाळ स्टिअरिंगवर टेकलं.

पण गोपीनाथरावांच्या डोक्यात वेगळाच किडा वळवळू लागला होता. आपण थांबलो की पट्टा हिरवा होतो, म्हणजे हा सिग्नल देतो कोण? पुढे गाडी नाही, फाटक नाही, स्टेशन मास्तर नाही. दुसऱ्या दिवशी मुलगी झोपेतून उठायच्या आत ते मफलर गुंडाळून टेबलापाशी बसले आणि एकाच वळणावर वेगवेगळ्या वेगानं अकरा वेळा गेले. चाळीसला पट्टा हिरवाच राहतो. नव्वदला पिवळा होतो. एकशे चाळीसला लाल. त्यांनी पेन खाली ठेवलं. आयुष्यभर त्यांनी जे सिग्नल उभे केले ते पुढच्या रस्त्याबद्दल सांगायचे. हा सिग्नल त्यांच्याबद्दल सांगत होता. रस्ता तोच, वळण तेच, आणि लाल कोण, तर आपण. हे त्यांना इतकं विलक्षण वाटलं की चहा गार झाला तरी ते पडद्याकडे बघत बसून राहिले.

मग त्यांना बाकीच्या असिस्टही तपासायच्या होत्या. त्यांनी रेल्वेच्या पद्धतीनं तक्ता आखला आणि फ्रिजवर चिकटवला. एका वेळी एकच मदत काढायची, तीन लॅप मारायचे, सरासरी घ्यायची. सगळ्या असिस्ट चालू, दोन मिनिटं एकवीस सेकंद. पट्टा बंद, दोन चौतीस. ब्रेकची मदत बंद, तीन मिनिटं दोन सेकंद. चाक घसरण्यावरची मदत काढली तिथे वेळेऐवजी "झाड" असं लिहिलेलं होतं, आणि स्टिअरिंगच्या पुढे "तेच झाड".

हिमानी तक्ता वाचून खूश झाली. सगळ्या असिस्ट लावून उतरायचं, नियमात कुठे मनाई नाही, असा निकाल तिनं दिला. सगळं ठीक चाललं होतं. ते बिघडलं विनयाताईंमुळे.

विनयाताई वनस्पतिशास्त्रज्ञ. मेळाव्यातल्या साठ पानांची ओल्या लसणीची चटणी त्यांनी अंगावर घेतली होती, आणि ती मिक्सरमधून काढणं त्यांना मान्य नव्हतं. सांगलीहून रेल्वेनं आणलेला पाटा-वरवंटा त्यांनी धुऊन ओट्यावर काढून ठेवला होता. दूध काढायला त्या फ्रिजपाशी आल्या आणि तक्ता वाचत उभ्या राहिल्या. नवऱ्यानं केलेला प्रयोग त्या प्रथमच इतक्या बारकाईनं बघत होत्या. गोपीनाथराव कौतुकाची वाट बघत खुर्चीत जरा ताठ बसले.

"यात कंट्रोल कुठाय?" विनयाताई म्हणाल्या.

गोपीनाथरावांना कळेना. मग विनयाताईंनी सांगितलं की त्यांच्याकडे खत तपासायचं असेल तर एका कुंडीत खत घालतात आणि एक कुंडी बिनखताची ठेवतात. नाहीतर रोप खतानं वाढलं की आपल्याआपण, हे कळणार कसं? "तुमच्या तक्त्यात सगळ्या ओळींत तुम्ही आहात," त्या म्हणाल्या. "मशीननं काय केलं ते कळलं. तुमच्यामुळे नेमकं काय होतं, ते कुठे लिहिलंय?" आणि दूध घेऊन त्या कामावर जायच्या तयारीला लागल्या.

मुद्दा बिनतोड होता. शहाणा माणूस तिथेच थांबला असता आणि त्यानं तक्ता उतरवून ठेवला असता. पण कुतूहल वाईट. त्यांच्या डोक्यात दिवसभर एकच प्रश्न घोळत राहिला. ब्रेक मशीन मारतं, गिअर मशीन टाकतं, वळवतंही मशीनच. मग मी काय करतो? दुपारी त्यांनी हिमानीला विचारलं तर ती प्रामाणिकपणे म्हणाली, "आप ना, एक्सिलरेटर दबाते हो."

तेवढं तर एखादं वजनही करू शकेल, असं गोपीनाथराव म्हणाले आणि त्यांची नजर ओट्यावर गेली.

वरवंटा गोल, पेडलवरून घरंगळायचा. म्हणून त्यांनी गळ्यातला मफलर काढला आणि वरवंटा एक्सिलरेटरला घट्ट बांधून टाकला. सगळ्या असिस्ट चालू केल्या. स्वतः वही घेऊन दोन खुर्च्या सोडून बसले आणि चुकूनही मदत होऊ नये म्हणून एक हात पाठीमागे धरला. हिमानीनं बटण दाबलं. गाडी सुटली. पहिलं वळण तिनं असं घेतलं की बापलेक दोघंही पडद्याकडे वाकले. स्टिअरिंग आपलं आपण डावीकडे फिरलं, उजवीकडे फिरलं, ब्रेक हवा तिथे लागला, हवा तिथे सुटला, झाड मागे पडलं, आणि दारात कुलूप वाजून विनयाताई आत आल्या तेव्हा त्यांचा वरवंटा, मफलर घातलेला, शेवटच्या सरळ रस्त्यावर ताशी दोनशेनं चालला होता.

दोन मिनिटं सहा सेकंद.

गोपीनाथरावांनी आणखी दोन लॅप घेतले, कारण नियम म्हणजे नियम. दोन सहा आणि दोन सहा. वरवंट्याचा हात कापत नाही, हे त्याचं कारण. गोपीनाथराव स्टिअरिंग धरून मशीनला मदत करायला जायचे, मशीन म्हणायचं डावीकडे, हे म्हणायचे जरा थांब, आणि या वादात दर लॅपला पंधरा सेकंद जायचे. सव्वीस वर्षं ते मीटिंगांमध्ये सांगत आले होते की सुरक्षेच्या यंत्रणेत कच्चा दुवा म्हणजे माणूस. तो माणूस कोण, हे त्यांना आता कळलं.

त्यांनी तक्त्यात शेवटची ओळ लिहिली. ड्रायव्हर बंद, दोन सहा. मग हिमानीला म्हणाले, "मी न आलेलं बरं. आकडे स्पष्ट आहेत." म्हणताना त्यांना खरोखर वाईट वाटत होतं, आणि ते लपवायला ते मफलर सोडवायच्या निमित्तानं टेबलाखाली गेले.

हिमानी स्वयंपाकघरात आईकडे गेली. आत बराच वेळ कुजबुज चालली. मग ती बाहेर आली, टेबलाखाली वाकून बघितलं आणि म्हणाली, "बाबा, मेरे साथ आप ही चलोगे." गोपीनाथरावांचं डोकं टेबलाला आपटलं, पण त्यांना लागलं नाही. आकडे विरोधात असताना पोरीनं आपल्याला निवडलं, या विचारानं त्यांचा गळा दाटून आला होता. (गळ्याला मफलरही नव्हता, तो अजून पेडलला होता.)

मेळाव्याच्या दिवशी हॉलमध्ये पाच जोड्या होत्या. छावणीतले कर्नल विक्रम म्हणाले की असिस्ट वगैरे पोरांना लावा, आणि सगळ्या बंद करून बसले. ते ऐकल्यावर इतर बापांना तरी चालू ठेवायची छाती कुठून होणार? एकामागून एक सगळे निधड्या छातीनं ट्रॅकबाहेरच्या वाळूत गेले. कर्नलसाहेब तर तीनदा गेले आणि दर वेळी वाळूलाच रागावले.

गोपीनाथरावांनी मात्र सर्वांसमक्ष सगळ्या असिस्ट चालू करायला लावल्या. कुणीतरी हसलं. हिमानी त्यांच्या कानाशी वाकली. "हाथ गोद में. बस पैर दबाके रखो. बाबा, वरवंटा बन जाओ."

आणि ते झाले. हात मांडीवर ठेवून, लाल पट्ट्यावरसुद्धा पाय न उचलता, आयुष्यात पहिल्यांदा. पहिल्या लालला त्यांचे डोळे मिटले. पाचव्याला उघडे होते. दहाव्याला त्यांना मजा यायला लागली. हॉलच्या स्वयंपाकघरातून विनयाताईंच्या पाट्याचा खर्र खर्र आवाज येत होता आणि शेवटच्या वळणावर हिमानी टाळ्या वाजवायला लागली. त्यांनी वळून तिच्याकडे बघितलं. तेवढ्यात पाय क्षणभर सैल पडला. दोन मिनिटं नऊ सेकंद.

पुढचं हिमानीनं केलं. पहिला नंबर आला. गोपीनाथरावांनी यंत्रणेवरचा विश्वास या विषयावर चार वाक्यांचं भाषण केलं आणि चटणी तीनदा मागून घेतली.

परतताना धुकं उतरलं होतं. गोपीनाथराव ताशी वीसनं गाडी चालवत होते. मागच्या सीटवर हिमानीच्या एका बाजूला करंडक आणि दुसऱ्या बाजूला धुतलेला वरवंटा. सगळ्या जगाबद्दल त्यांना प्रेम वाटत होतं. एवढ्यात सिग्नल लाल झाला. ते थांबले, आणि इतके दिवस मनात असलेलं विचारून टाकलं.

"त्या दिवशी स्वयंपाकघरात काय म्हणाली होती गं ही तुला? माझ्याबद्दल?"

हिमानी काचेतून बाहेर धुकं बघायला लागली.

"तुमच्याबद्दल काही नाही," विनयाताई म्हणाल्या. "ती वरवंटा मागायला आली होती. टेबलाखाली बांधते, कुणाला दिसणार नाही, म्हणाली. मी म्हटलं, तो मिळायचा नाही, मला तिथे साठ माणसांची चटणी वाटायची आहे. बाबांना ने, ते मोकळेच असतात."