कावळ्याची हरकत

आमच्या गल्लीच्या तोंडाशी गटाराचा एक चेंबर आहे आणि त्याला झाकण नाही. ही वस्तुस्थिती संबंधित विभागास ज्ञात आहे. झाकण नसले तरी गल्लीची सोय उत्तम होती, कारण आमच्याकडे अप्पा होते. अप्पा म्हणजे हायस्कुलातले निवृत्त हेडक्लार्क. चेंबरमध्ये लिंबाची फांदी उभी करायची आणि तिला बायकोच्या, म्हणजे शालूबाईंच्या, जुन्या लाल लुगड्याची चिंधी बांधायची, हे काम त्यांनी आपणहून अंगावर घेतले होते. फांदी वाळली की नवी. परगावची माणसे थांबून विचारत, "हे कसलं झाड?" आम्ही अभिमानाने सांगत असू, "झाड न्हवं पावणं, आमची ड्रेनेज लाईन हाय."

अप्पांनी तक्रारीही पुष्कळ केल्या. प्रत्येक वेळी मोबाईलवर उत्तर येई, 'आपली तक्रार विचाराधीन आहे.' यंदाच्या पावसात फांदी वाहून गेली, अप्पा नवी लावायला गेले, पाय घसरला आणि ते स्वतःच आत पडले. वर काढले तेव्हा उशीर झाला होता. गल्ली हळहळली. आता फांदी कोण लावणार, हा प्रश्न प्रत्येकाच्या मनात आला; सभ्यपणामुळे कोणी बोलून दाखवला नाही एवढेच.

रक्षाविसर्जनाला पंचगंगेच्या काठी गर्दी चांगली होती. निवडणूक तोंडावर असल्याने भावी नगरसेवक विश्वजितदादा आले होते, आणि दादा आले म्हणून संबंधित विभागाचे साहेबही आले होते. नैवेद्य मांडला: दहीभात, भजी आणि अप्पांच्या आवडीची मिसळ, कट वेगळा. समोरच्या पिंपळावर कावळे बसले होते. एकही खाली उतरेना.

कावळा शिवला नाही म्हणजे गेलेल्याची काही इच्छा राहिली, असे आपण सगळेच मानतो. रीतीप्रमाणे आश्वासने सुरू झाली. कागलच्या एमआयडीसीत कामाला असलेला मुलगा जोतीराम हात जोडून म्हणाला, "अप्पा, आईला अंतर देणार न्हाय." कावळ्याने मान फिरवली. पुतण्याने बांधाचा वाद मिटवायची तयारी दाखवली. काही हालचाल नाही.

"कशाला तरास घेतायसा?" शालूबाई डोळे पुसत म्हणाल्या. "ह्येंचा जीव त्या झाकणात अडकलाय. तेवढं बसवतो म्हणा कुणीतरी, म्हंजे सुटंल."

आश्वासन म्हटल्यावर दादा पुढे झाले. तो त्यांचा विषय. "अप्पा, निवडून आलो की पैलं काम झाकणाचं!" कावळा एक फांदी वर सरकला. साहेबांनी घसा साफ केला. "सदर काम पुढील आर्थिक वर्षात, निधीच्या उपलब्धतेनुसार..." दोन कावळे उडूनच गेले.

"अनुभवी दिसत्यात," मागून कोणीतरी पुटपुटले.

मग शालूबाई आमच्याकडे वळल्या. "व्हय वो, तुमीच गल्लीतली मिळून एक फरशी टाका की त्यावर. ह्येंचं ऐकलं न्हाईसा, माझं तरी ऐका."

आम्हा सगळ्यांना एकदम ऑफिसची आठवण झाली. एकजण म्हणाला, परस्पर फरशी टाकणे बेकायदेशीर ठरेल. दुसरा म्हणाला, प्रकरण वरच्या पातळीवर असताना आपण मध्ये पडणे बरे दिसत नाही. उरलेला एक कावळा मान वाकडी करून आमच्याकडे बघत होता. मला ती नजर अजिबात आवडली नाही.

ऊन चढले. दादांना पुढे एक वाढदिवस होता. शेवटी गुरुजींनी शास्त्रात सोय असल्याचे सांगितले आणि दर्भाचा कावळा वळला. त्या गवताच्या कावळ्याने कोणतीही अट न घालता पहिल्या फटक्यात नैवेद्य शिवला. साहेब भारावले. "असा एक माणूस आमच्या खात्यात पाहिजे होता," ते म्हणाले. सगळ्यांनी नमस्कार केला आणि गाड्या काढल्या.

साहेब कार्यतत्पर. गाडीत बसण्यापूर्वी त्यांनी उभ्या उभ्या मोबाईलवर अप्पांची तक्रार निकाली काढली. शेरा मारला, 'तक्रारदाराचे समाधान झाले.' जोतीरामच्या खिशातला अप्पांचा फोन लगेच वाजला. आमची सेवा कशी वाटली, असे त्यावर विचारले होते.

"काय आलंय रं?" शालूबाईंनी विचारले.

"काय न्हाय, आई," जोतीराम म्हणाला.

चेंबर अजून उघडा आहे. फांदी मात्र ताजी असते, कारण आता ती शालूबाई लावतात. लाल लुगडी त्यांनी नेसायची नाहीत असे आम्हीच ठरवल्यामुळे चिंध्यांना तोटा नाही. नवरा ज्या भोकात गेला त्याच्यावर त्या वाकतात तेव्हा एका हाताने चेंबरची कड धरून ठेवतात. आमच्या गॅलरीतून ते अगदी स्पष्ट दिसते. आम्ही सगळे वरून ओरडतो, "मावशी, जपून!"

एवढी आपुलकी हल्ली शहरात कुठे राहिली आहे? आणि गुरुजींकडे दर्भ शिल्लक आहे, तेव्हा काळजीचेही कारण नाही. तुम्हीही या की एकदा बघायला. गॅलरीत अजून जागा आहे.