जावयाचा चष्मा आणि हुरड्याची आगटी

सासुरवाडीच्या पहिल्याच हुरड्याला शिवराजवर एकच जबाबदारी होती, काडेपेटी आणायची. पठ्ठ्या नेमकी तीच सोलापुरात विसरून आला. मंद्रूपच्या रानात कणसं खुडून झाली, आगटीत गोवऱ्या रचल्या, आणि सासरे सिद्धाप्पा घोंगड्यावर बसून करवादले, "क्लासात सायन्स शिकिवतो म्हणं! येवडं एक काम सांगितलं हुतं."

आता बायकोसमोर अब्रू जाणार म्हटल्यावर शिवराजने डोळ्यांवरचा चष्मा काढला. "मामा, काडेपेटी कशाला? डोक्यावर सूर्य आहे की!"

त्याने चष्मा गोवरीवर धरला. पण चष्म्याशिवाय त्याला गोवरीच धड दिसेना. तरी तो ओरडला, "निघाला बघा धूर!"

"अहो, ती माझी ओढणी हाय," त्याची बायको प्रियदर्शनी म्हणाली. "आणि तुमचा नंबर मायनस. ती काच ऊन पांगवती, गोळा न्हाय करत. तुमीच शिकवता की पोरांना!"

शिवराजचा चेहरा पडला. मग त्याने सासूबाईंचा, मायाक्कांचा, वाचायचा चष्मा मागून घेतला. मायलेकी चटण्या काढायला झाडाखाली गेल्या. हा प्लसचा. वर-खाली करता करता दीड वितीवर उन्हाचा ठिपका ज्वारीच्या दाण्याएवढा झाला. पण गोवऱ्या दवाने सादळलेल्या, नुसत्याच कोमट होत होत्या. काळ्या वस्तूत ऊन जास्त मुरतं, हे त्याला आठवलं. आणि रानात काळं म्हणजे एकच, मामांचं घोंगडं. सासरे पाठ फिरवून रुसलेलेच होते. नुसता कोपराच तर बघायचा!

ठिपका स्थिरावला, धूर निघाला, केस जळाल्यासारखा वास सुटला.

"आगं आयाय! पेटिवलं की मला!" सिद्धाप्पा ताडकन उठले, आणि त्यांच्या बंडीच्या खिशातून काडेपेटी टपकन खाली पडली. शेजारी दोन बिड्या. बिडी सोडल्याची शपथ मामांनी दिवाळीतच घेतली होती.

सासऱ्या-जावयाची नजरानजर झाली. मामांनी काडेपेटी उचलली आणि ते आगटीवर वाकले. मिनिटभराने त्यांची आरोळी आली, "पेटलं गं! पावण्यानं चष्म्यानं पेटिवलं! जावई असावा तर असा!"

शिवराज खाली मान घालून हुरडा खाऊ लागला. मायाक्का चटणी वाढायला वाकल्या आणि हळूच म्हणाल्या, "जावईबापू, पुढल्या टायमाला माजा चष्मा नका मागू. यांच्या खिशात काडेपेटी असतीया."

"मामी! मग मघाशीच का नाही सांगितलं?"

"बघत हुते," घोंगड्याच्या भोकातून बोट काढत त्या म्हणाल्या, "जळंस्तवर तरी कबूल हुत्यात का."