मौनीच्या काखेतलं गळू

माझ्या हातचा टाका उसवत नाही. हे मी फुशारकी म्हणून सांगत नाही, माहिती म्हणून सांगतोय. गेली बावीस वर्षं मी मोटरसायकलच्या शर्यतीतल्या स्वारांचे चामड्याचे सूट दुरुस्त करतो. स्वार पडतात, रस्त्यावरून फरफटत जातात, गाडीचे तुकडे वेचून पोत्यात भरावे लागतात, पण माझी शिवण जागच्या जागी असते. एकदा एकाचं खांद्याचं हाड मोडलं, दोन दात पडले, आणि सूट मात्र धड परत आला. त्याने दवाखान्यातून निरोप धाडला, "मास्तर, तुम्ही मलाच शिवायला हवं होतं!" ही गोष्ट मी दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. काहींना दोनदा सांगून झाली आहे.

दुकानाच्या दारावर मी पाटीच लावली आहे : 'येथील टाका उसवत नाही.' तेव्हा त्या रविवारी जे झालं ते वाईट कामामुळे झालं नाही, फाजील चांगल्या कामामुळे झालं. एवढं शेवटपर्यंत लक्षात ठेवा, म्हणजे माझ्यावर उपकार होतील.

माझं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे मौनी. खरं नाव वेगळं आहे, पण तो बोलतच नाही म्हणून त्याला सगळे मौनी म्हणतात. शर्यत जिंकल्यावर त्याच्या तोंडासमोर माईक धरला की तो माईकवर पाल बसल्यासारखा मागे सरकतो, "चांगली झाली" म्हणतो आणि निघून जातो. आता माणूस इतकं कमी बोलायला लागला की त्याच्याविषयी बोलायची जबाबदारी बाकीच्यांवर येऊन पडते. माझ्या बायकोने ती एकटीने उचलली आहे. मौनीच्या चाहत्यांचा फोनवर जो ग्रुप आहे त्याची ती अ‍ॅडमिन आहे. चारशे बारा माणसं! लग्नाला एवढी आली नव्हती. तिचं म्हणणं असं की मौनी लाजाळू आहे आणि इतका खिलाडूवृत्तीचा माणूस त्या खेळात दुसरा झाला नाही.

समोरच्या न्हाव्याला हे अजिबात मान्य नव्हतं. तो अण्णाचा भक्त. अण्णा म्हणजे शर्यतीतला सगळ्यात जुना स्वार, चाळिशी ओलांडलेला, कायम हसतमुख. गाडीवरून पडला तरी आधी प्रेक्षकांना हात करणार आणि मग आपलं काय काय मोडलं ते बघणार. न्हाव्याच्या मते मौनीचं न बोलणं म्हणजे शुद्ध गर्व होता. हे मत तो दिवसभर माझ्या बाकावर बसून मांडत असे. त्याच्याकडे गिऱ्हाईक आलं की इथूनच "बसा, आलोच" म्हणून ओरडायचा. त्याची कितीतरी गिऱ्हाइकं या 'आलोच'मुळे दाढी वाढवून फिरत होती.

तर शुक्रवारी मौनी सूट टाकून गेला. सरावात पडून उजवा खांदा फाटला होता. रविवारी शर्यत, आणि तीही अण्णाची शेवटची. त्यानंतर अण्णा खेळ सोडणार होता.

या सूटमध्ये खांद्याला बारीक चुण्यांची एक पट्टी असते, पेटीच्या भात्यासारखी. हात उचलला की ती फाकते, खाली घेतला की मिटते. तिच्यामुळेच चामड्यात हात हलतो. पट्टीच्या कडेने शिवायचं, पट्टीवरून शिवायचं नाही, हे माझ्याकडे चार दिवस काम शिकलेल्यालाही समजतं. पण मी शिवायला बसलो आणि न्हाव्याने सुरू केलं. म्हणाला, रविवारी बघा, अण्णा शेवटचा उभा असेल आणि तुमचा मौनी त्याच्याकडे ढुंकून बघणार नाही.

माझं डोकं फिरलं. पाय मशीनवर आणि तोंड न्हाव्याकडे, अशा अवस्थेत मी त्याला खिलाडूवृत्ती म्हणजे काय ते समजावून सांगितलं. रविवारी मौनी सगळ्यांसमोर अण्णाला मिठी मारेल, लिहून ठेव, असंही सांगितलं. बोलता बोलता मेण लावलेल्या दुहेरी दोऱ्याच्या तीन ओळी मारून झाल्या. खांदा काय कडक बसला होता! मी स्वतःवरच खूश झालो.

रविवारी दुकानातल्या टीव्हीसमोर मी, बायको आणि न्हावी असे तिघं बसलो. शर्यत मौनीने मारली, अण्णा तिसरा आला. दोघं विजेत्यांच्या चौथऱ्यावर चढले. मौनीच्या डाव्या हातात करंडक होता आणि उजवा हात समोर ताठ, हातगाडी ढकलत असल्यासारखा. अण्णा हसत पुढे आला आणि त्याने दोन्ही हात पसरले. सगळं मैदान उभं राहिलं. मौनीचा उजवा हात काही वर गेला नाही. तो सगळाच्या सगळा एका बाजूला कलला, परत सरळ झाला, आणि त्याचं एक बोट अण्णाच्या छातीवर रोखलेलं राहिलं. अण्णा तसाच हात पसरून उभा. मौनी लालबुंद झाला, मागे वळला आणि चौथऱ्यावरून उतरून चालायला लागला.

मला वाटलं न्हावी आता नाचेल. त्याने टीव्हीचा आवाज कमी केला. बायको उठली, आणि तिने भिंतीवरचं मौनीचं चित्र काढून उलटं करून ठेवलं. ते दोघं भांडले असते तर मला बरं वाटलं असतं.

टीव्हीवर तोच प्रसंग पुन्हा पुन्हा दाखवत होते. तिसऱ्यांदा मागच्या बाजूने दाखवला. मौनीच्या उजव्या खांद्यावर चुण्यांच्या बरोबर मधोमध तीन सरळ, सुबक ओळी चमकत होत्या. माझी पाचावर धारण बसली. त्याचा हात मी शिवून टाकला होता!

तिथल्या तिथे सांगायला हवं होतं. मी तोंड उघडलंही होतं. पण समोर पाटी दिसली आणि तोंडातून भलतंच बाहेर पडलं. मी म्हणालो, त्याच्या काखेत गळू झालंय, शुक्रवारी सूट द्यायला आला तेव्हाच सांगत होता.

मौनीने एवढं लांब वाक्य कधी उच्चारलं असेल यावर बायकोला शंका यायला हवी होती. पण तिला ते खरं असायला हवं होतं. तिने चित्र सुलटं केलं आणि फोन हातात घेतला. चारशे बारा माणसांना एकाच वेळी गळू कळलं.

सोमवारी सकाळी गळवाची दोन झाली होती. दुपारपर्यंत शस्त्रक्रिया ठरली. एका बाईंनी लिहिलं की त्यांच्या दिरांना असंच झालं होतं आणि सहा महिने त्यांना केस विंचरता येत नव्हते. ग्रुपवर पत्ता आमच्या दुकानाचा, त्यामुळे मलमं आमच्याकडे यायला लागली. मंगळवारी मी मोजली तेव्हा तेवीस ट्यूब होत्या. शिवाय काखेत धरायची एक मऊ उशी, घरी शिवलेली, कडेला झालर लावून.

हे सगळं मी सहन केलं असतं. पण मंगळवारी न्हावी आला, बाकावर न बसता उभाच राहिला आणि म्हणाला, "मास्तर, मी माझा शब्द मागे घेतो. गळू घेऊन तो पहिला आला. माझी नुसती पाठ दुखली तर मी दाढी करत नाही." आणि त्याने स्वतःच्या आईने कुटलेला लेप माझ्या हातात ठेवला. दाढीचं म्हणाल तर तो पाठ बरी असतानाही करत नव्हता, पण ते सांगायची ही वेळ नव्हती.

संध्याकाळी बायकोच्या मामांचा फोन आला. मामा शर्यतीच्या शिस्त समितीचे अध्यक्ष. भाचीच्या लग्नातही वेळेवरून भांडलेला माणूस! अण्णाचा अपमान का केलास, असं समितीने मौनीला विचारलं होतं. त्यावर तो "हात वर गेला नाही" एवढंच बोलला होता. कारण मिळालं नाही तर मोसमाच्या शेवटच्या शर्यतीतून मौनी बाद, असं समितीने ठरवलं होतं. बायकोने त्यांना घाईघाईने गळू सांगितलं. मामा खूश झाले. म्हणाले, मग प्रश्नच मिटला, गुरुवारी अकरा वाजता आमचे डॉक्टर त्याची काख तपासतील.

म्हणजे गुरुवारी अकरा वाजता मौनी खोटारडाही ठरणार होता, आणि तेही त्याने न सांगितलेल्या गळवापायी. त्या रात्री मला झोप लागली नाही. एका दिवसात गळू कशाने येतं, हे कुणाला विचारावं यावर मी बराच विचार केला.

बुधवारी दुकान उघडतोय तोच पिशवीत सूट घेऊन मौनी दारात हजर. मी काही बोलायच्या आत बायको धावली. तिने त्याला बाकावर बसवलं, काखेत झालरीची उशी दिली, मांडीवर तेवीस ट्यूब ठेवल्या. न्हावी समोरून धावत आला आणि लेप कसा लावायचा ते हावभावांसह सांगायला लागला. मौनी एकदा उशीकडे बघे, एकदा माझ्याकडे. मला गळू झालेलं नाही, एवढं म्हणायचीही त्याला लाज वाटत होती. उलट न्हाव्याने "ठणकतं का?" म्हणून विचारल्यावर त्याचं मन राखायला त्याने मान हलवली.

बायको गरम पाणी आणायला आत गेली, न्हावी लेप खलायला आपल्या दुकानात पळाला. तेवढ्यात मौनी पुढे झुकला.

"मास्तर, खांद्याच्या चुण्यांवर टाके पडलेत. तेवढे उसवून द्याल?"

"तुला कधी कळलं?"

"रविवारी. अंगात घालतानाच. गाडीवर हात पुढेच लागतो, म्हणून चाललं."

"अरे, मग समितीला का नाही सांगितलंस? रविवारी सगळं मैदान तुला गर्विष्ठ म्हणत होतं."

तो उशीची झालर चाचपत बसला. मग दाराकडे बघून हळूच म्हणाला, "तुमची पाटी आहे ना."

सहा वर्षांत तो माझ्याशी बोलला नव्हता तेवढं या एका मिनिटात बोलला होता, आणि तेही माझं नाव राखण्यासाठी. मला माझी लाज वाटली. लोक चार दिवस त्याच्या खिलाडूवृत्तीचा कीस पाडत होते आणि ती माझ्या बाकावर झालरीची उशी काखेत धरून बसली होती.

बायको पाण्याचं पातेलं घेऊन बाहेर आली, मागोमाग न्हावी. मी उभा राहिलो.

"त्याला गळू नाही. मी त्याचा हात शिवला. शुक्रवारी, बोलण्याच्या नादात."

पातेल्यातलं पाणी हिंदकळलं. बायकोने मौनीला विचारलं, हे खरं आहे का. मौनी म्हणाला, "जरासं." मग ती माझ्याकडे वळली आणि अतिशय शांतपणे म्हणाली, "अहो, चारशे बारा माणसं." ती ओरडली असती तर मी ओशाळलो असतो. ती शांत होती म्हणून घाबरलो.

गुरुवारी अकराला डॉक्टरऐवजी मी समितीपुढे उभा राहिलो. पावतीपुस्तकातल्या कोऱ्या पावतीवर कबुली लिहून दिली, सूट टेबलावर ठेवला. मामा म्हणाले, कागदावर विश्वास ठेवणारा माणूस मी नव्हे. त्यांनी कोट काढला आणि सूटमध्ये स्वतःच शिरले. मामांचं पोट आणि मौनीचा सूट यांची ती पहिलीच भेट. उजवा हात उचलून बघितला, गेला नाही. डावीकडे कलले, उजवीकडे कलले, थेट रविवारच्या मौनीसारखे. शेवटी त्यांचं बोट खजिनदारांच्या छातीवर रोखलेलं राहिलं.

मग लक्षात आलं की मामा बाहेर येत नाहीत. चार सदस्यांनी मिळून ओढलं. एकही टाका तुटला नाही. मी अर्धा तास पातं घेऊन मामांच्या खांद्याशी बसून टाके उसवत होतो. तेवढ्या वेळात समितीने एकमताने मौनीला निर्दोष सोडलं. अध्यक्षांचं मत सूटच्या आतून आलं. माझा जीव भांड्यात पडला. अण्णाचा फोन आला होता, तो इतका हसत होता की काय म्हणाला ते कुणालाच कळलं नाही. बायकोने सगळं खरं ग्रुपवर लिहिलं, आणि एकाही माणसाने ग्रुप सोडला नाही. उलट न्हावी आत आला. चारशे तेरा!

सूट मी पुन्हा शिवून दिला. त्या दिवशी न्हाव्याला दुकानाबाहेर उभं केलं होतं.

मोसमाच्या शेवटच्या शर्यतीला आम्ही तिघं पुन्हा टीव्हीसमोर बसलो. मौनी जिंकला. करंडक द्यायला पाहुणा म्हणून अण्णा आला होता. मौनी क्षणभर घुटमळला, मग त्याने करंडक खाली ठेवला, दोन्ही हात पार वर नेले आणि अण्णाला घट्ट मिठी मारली. मैदान दणाणलं. बायको रडत होती, न्हावी टाळ्या वाजवत होता, आणि माझ्या छातीवरचा दगड उतरल्यासारखं मला हलकं वाटत होतं. तेवढ्यात ती मिठी टीव्हीवर मागच्या बाजूने दाखवली. उजव्या काखेची शिवण वीतभर उसवली होती आणि आतून पिवळा बनियन डोकावत होता.

न्हाव्याने पुढे वाकून निरखून बघितलं.

"मास्तर," तो म्हणाला, "गळू बरं झालेलं दिसतंय."

त्याचं काय आहे, या खेपेला मी भीतीपोटी जरा सैलच शिवलं होतं. ही गोष्ट मात्र मी दुकानात कुणाला सांगत नाही.