गवा स्वतःला शोधायला जातो

मुलांनो, नीट मांडी घालून बसा. एका जंगलात एक गवा, एक अस्वल आणि एक साळिंदर राहत होते. लहानपणापासूनची घट्ट मैत्री. रोज संध्याकाळी तिघे पाणवठ्यावर एका ओळीत बसायचे आणि पाण्याकडे बघायचे. एकमेकांकडे बघायची पद्धत नव्हती. बोलायचे विषयही ठरलेले: गवत, पाऊस आणि वाघ सध्या कुठे आहे.

गव्याला एक दुःख होतं. डाव्या डोळ्यानं त्याला दिसेनासं झालं होतं. वाघ डावीकडून आला तर आपण संपलो, या भीतीनं त्याची झोप उडाली होती.

"अहो, मित्रांना एकदा सांगून टाका ना," बायको म्हणायची.

"सांगतो की. विषय तर निघू दे."

विषय काही निघेना. गवतावरून डोळ्यावर यायचं तरी कसं?

तेवढ्यात एका माकडानं वडाला पाटी लावली. 'उंच कड्यावर चला, स्वतःला शोधा. बायका-मुलांना आणू नये, शोधात व्यत्यय येतो.' गव्याला वाटलं, हे बरं झालं. एवढ्या उंचावर गेलं की मन आपोआप मोकळं होईल.

तयारी जोरात झाली. अस्वलानं नवे बूट घेतले, चार. साळिंदरानं पाठीवर पिशवी अडकवली आणि ती लगेच फाटली. माकड पुढे, तिघे मागे, अशी स्वारी निघाली.

पहिल्याच चढावर गवा म्हणाला, "अरे, मला जरा बोलायचं होतं."

"बोल की लेका," साळिंदर म्हणालं. "पण आधी सांग, ही वाट बरी की ओढ्याकाठची?"

वाटेची चर्चा जेवणापर्यंत पुरली. जेवताना गव्यानं पुन्हा घसा साफ केला. तेव्हा अस्वलानं बूट कुठे चावतो ते दाखवलं. पुढे गवा डावीकडच्या झाडांना धडकू लागला.

"वारा फार आहे," तो म्हणाला.

"फार आहे," मित्र म्हणाले. पानही हलत नव्हतं.

कड्यावर माकडानं त्यांना तीन दगडांवर बसवलं, एकमेकांकडे पाठ करून. डोळे मिटायला लावले. मग विचारलं, "काय सापडलं?"

"मी म्हणजे हा डोंगर आहे," अस्वल म्हणालं.

"मी म्हणजे वारा," साळिंदर म्हणालं.

"मला डाव्या डोळ्यानं दिसत नाही," गवा म्हणाला.

असलं उत्तर माकडानं कधी ऐकलं नव्हतं. शेवटी अस्वल उठलं आणि म्हणालं, "चला, उतरू या. अंधार पडेल."

गव्याला फार वाईट वाटलं. एवढा डोंगर चढून हेच ऐकायचं होतं? पण उतरताना साळिंदर पुढे झालं आणि काटे खळखळ वाजवत चालू लागलं, म्हणजे गव्याला वाट कानानं कळेल. अस्वल दरीच्या बाजूनं, त्याच्या डावीकडून चाललं. तोंडानं दोघेही गवताबद्दल बोलत होते.

दुसऱ्या दिवशी तिघे पुन्हा पाणवठ्यावर बसले. आज गव्यानं पहिल्यांदाच मान पूर्ण डावीकडे वळवली. तिथे अस्वल होतं. पूर्वी ते साळिंदराच्या पलीकडे, उजवीकडे बसायचं. आवाज रोज येत होता, म्हणून गव्यानं कधी बघितलंच नव्हतं.

"तू या बाजूला कधीपासून बसतोस रे?"

"गेल्या उन्हाळ्यात तू पिंपळाला धडकलास ना, तेव्हापासून," अस्वल पाण्याकडे बघत म्हणालं. "यंदा गवत बरं आहे, नाही?"

"बरं आहे," गवा म्हणाला. त्याचे दोन्ही डोळे भरून आले. न दिसणारासुद्धा.

तात्पर्य: मान वळवून मित्राकडे बघणं हे फार कष्टाचं काम आहे, मुलांनो. पुरुषांनी त्या भानगडीत न पडता सरळ डोंगर चढावा.