उराशी धरलेली काच

"उद्या साहेबांचे डोळे दिपले नाहीत तर मिशी उतरवीन!" असं मी बायकोला छाती ठोकून सांगितलं. ठोकली मात्र जरा हळूच, कारण शर्टाच्या खिशात माझी काच होती.

ही काच म्हणजे माझी तीन वर्षांची तपश्चर्या. बोटाच्या पेराएवढ्या दोन काचा आणि त्यांच्यामध्ये थेंबभर द्रवस्फटिक. हा पदार्थ पाण्यासारखा वाहतो, पण त्याचे रेणू प्रार्थनेला उभ्या केलेल्या पोरांसारखे एका दिशेला तोंड करून असतात. त्यात मी चुंबकाला ओ देणारे अतिसूक्ष्म कण मिसळले होते. चुंबक आला की कण वळणार, त्यांच्यामागून रेणूंची अख्खी रांग वळणार आणि दिव्यावर ठेवलेली काळी काच लख्ख उजळणार! त्यासाठी अगदी किरकोळ चुंबकही पुरतो, हा माझा दावा. तो साहेबांना पटला नाही तर प्रकल्प बंद, आणि मी व माझी सहकारी बाई, दोघंही घरी.

बाईंनी काच एका थंड डबीत घालून दिली होती. पण प्रयोगशाळेवरही माझा विश्वास नाही, म्हणून मी ती घरी आणली आणि सकाळी डबीतून काढून खिशात घातली.

"अहो, डबी दिलीय ना? मग खिशात कशाला?" बायकोनं विचारलं.

"डबी विसरता येते, हरवता येते. छाती विसरता येते का?"

यावर तिनं डबी उचलून फ्रीजमध्ये ठेवून दिली. मला तो माझा विजय वाटला. मग मी एक हात खिशावर दाबून, भर उन्हातून प्रयोगशाळेकडे चालत निघालो.

साहेब आले, खुर्चीत बसले आणि म्हणाले, "दाखवा."

मी काच दिव्यावर ठेवली. काळी कुळकुळीत. छान! चुंबक जवळ नेला. काळी कुळकुळीत. चुंबक उलटा केला, सुलटा केला, ओवाळलासुद्धा. काच ढिम्म!

"चुंबक जवळ आहे ना?" साहेब म्हणाले.

"हो, साहेब."

"मग उजेड?"

"येतोच आहे, साहेब!" म्हणजे उजेड जणू वाटेत कुठे अडकला होता.

बाई हळूच म्हणाल्या, "सर, काच गरम तर झाली नाही ना?"

"गरम? अहो, उराशी धरून आणलीय मी!"

बाईंनी डोळे मिटले. मला तेव्हाही कळलं नाही. चुंबक कमी पडतोय, एवढंच डोक्यात! फळीवर विटेएवढा एक चुंबक होता, तो मी उचलला.

"सर, तो नको!" बाई ओरडल्या.

पण मी निघालो होतो. वाटेत लोखंडी कपाट होतं. धाड! चुंबक कपाटाला चिकटला, आणि मधे माझी बाही. हात वाचला हे नशीब! साहेब बिचारे मदतीला धावले, तर त्यांच्या किल्ल्यांचा जुडगा हातातून सुटून खाडकन माझ्या शेजारी.

"हा प्रयोगाचा भाग आहे का?"

"नाही, साहेब."

"मग मी निघतो," असं म्हणून त्यांनी किल्ल्या ओढल्या. हलेनात. गाडीची किल्ली त्यातच! ते ओढत राहिले, मी माफी मागत राहिलो, वरून एसी गार वारा सोडत राहिला. तीन वर्षं पाण्यात गेली, बाईंची नोकरीही मी घालवली, असं मला वाटलं.

एवढ्यात दार उघडून बायको आत आली. हातात डबी.

"विसरलातच ना? आणि हे काय, कपाटाला का चिकटलात?" असं म्हणत तिनं डबी टेबलावर ठेवली आणि पर्स काचेशेजारी.

काच लख्ख उजळली!

"उजळली!" बाई किंचाळल्या. बायकोनं दचकून पर्स उचलली. काच काळी.

"मी काही नाही केलं हं!"

"परत ठेवा," साहेब किल्ल्या विसरून म्हणाले. तिनं ठेवली. पुन्हा उजेड! पर्सच्या बटणात चुंबक होता.

"एवढ्याशा चुंबकानं? मग मघाशी काय झालं होतं?"

बाईंनी सांगितलं, "ऊब लागली की रेणूंची रांग मोडते, साहेब. शाळा सुटल्यासारखी. मग चुंबक कुणाला वळवणार? आता काच गार झाली, पोरं परत रांगेत."

"पण तिला उबवलं कुणी?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी कपाटाकडे पाहिलं. ते जवळच होतं. हा नियम मीच शोधनिबंधात लिहिला होता, तोही ठळक अक्षरांत!

"प्रकल्प चालू राहील," साहेब म्हणाले. मला रडूच यायचं बाकी होतं. "पुढच्या वेळी मात्र काच तुमच्या मिसेस आणतील."

"आणि मी, साहेब?"

"तुम्ही आधी माझ्या किल्ल्या सोडवा."

साहेबांचे डोळे दिपले, त्यामुळे मिशी शाबूत आहे. फक्त माझ्या सगळ्या शर्टांचे खिसे आता वरून शिवलेले आहेत. टाके कुणी घातले, ते काही मी सांगणार नाही!