संपतकाकांच्या घरची माणसं

आमच्या आसेगावात संपतकाकांच्या घरी चष्मा हरवला, की काका आधी बायकोवर ओरडतात. शांताकाकूंना जाऊन चार वर्षं झाली, पण काकांना त्याचं काही नाही. "पुन्हा लपवला का वं? हासून काय राह्यली?" चष्मा पिठाच्या डब्यात सापडला की काका खूश! वाऱ्यानं दार आपटलं, की ते थोरले भाऊ दादाराव. दादारावांना जाऊन तर जमाना झाला.

मी एकदा म्हटलं, "काका, आपण बौद्ध लोक. भुतंखेतं कधीपासून मानाले लागले?"

काका भडकले. "भूत कोन म्हनते? माही बायको काय भूत हाय? ते घरची हाय!"

यंदा काकांच्या मुलाचं, मिलिंदचं लग्न झालं. सून प्रज्ञा कारंज्याची. आठव्या दिवशी भरदुपारी कडी वाजली. दारात कोणी नव्हतं. काका म्हणाले, "सरक पोरी, दादाले येऊ दे." पोरगी पांढरीफटक पडली. रात्रभर रडली आणि भावाला फोन केला, "मले घ्याले ये."

सकाळी काका पांढरी टोपी घालून माझ्याकडे आले. "चाल, शेलूबाजारले जाऊ. तुह्या काकूले आन् दादाले धनजले बहिनीकडं धाडतो."

शेलूबाजारला धनजचा जीपवाला ओळखीचा. मागची सीट रिकामी ठेवून काकांनी दार लावलं. तो म्हणाला, "काका, कोनी बसलंच नाही ना!"

"बसले. तू हळू चालव. दादाले गचके सोसत नाहीत."

जीप वळणाआड जाईस्तोवर काका उभे राहिले. घरी पोचताच सुनेला म्हणाले, "गेले ते. आता तू निवांत राह्य."

प्रज्ञा राहिली. भाऊ आला तसा जेवून परत गेला. पण काकांची बडबडच थांबली. वस्तू हरवली तरी मुकाट्यानं शोधायचे. दार आपटलं, तर उठून लावून घ्यायचे. जेवतानाही मान खाली.

परवा मी काकांजवळ त्यांच्या ओट्यावर बसलो होतो. प्रज्ञा बाहेर आली. पदराला हात पुसत जरा घुटमळली आणि सासऱ्यांना म्हणाली,

"मामाजी, धनजले फोन करा ना."

"काहून वं?"

"माह्या सासूले आन् मोठ्या मामाजीले म्हना, सून बोलावून राह्यली. घर लय सुनं सुनं लागते."

काकांनी खिशातून फोन काढला आणि म्हणाले, "बोलावतो. पन दादाले फिका चहा चालत नाही, पोरी. ध्यानात ठेव."