पडलो नव्हे, पडले

आमचे पंचूमामा ठरवून पडतात. पाय घसरून नाही, चक्कर येऊन नाही. वय अठ्ठ्याहत्तर, इस्त्रीची वेष्टी म्हणजे आमचं धोतर, कपाळाला गोपीचंदन, गळ्यात स्टॉपवॉच. वृद्धाश्रमात जायचं, मॅनेजरशी दोन गोड शब्द बोलायचे, "जरा हात धुऊन येतो" म्हणून न्हाणीघरात शिरायचं आणि तिथल्या फरशीवर व्यवस्थित आडवं व्हायचं. मग स्टॉपवॉचची कळ दाबून ओरडायचं, "पडले! पडले!"

हो, पडले. पडलो नाही. आमच्या कुंभकोणमच्या मराठीला पुण्याकडचे पाहुणे हसतात, खुशाल हसोत, पण बाई आणि पुरुष यांतला फरक आमच्या मराठीलाही कळतो. "मामा, पडलो म्हणा," असं मी वीसदा तरी सांगितलं असेल. "उगी बैस तू," मामा म्हणतात, "टाइम बोल!"

चाळीस वर्षं ते शाळेत ड्रिल मास्तर होते. आधी गुडघा, मग कंबर, मग खांदा, हनुवटी छातीशी, असं त्यांचं पडणं अगदी शिस्तीत चालतं. कुणी धावत येईपर्यंत ते छताकडे बघत पडून राहतात. उशीर झाला की उठतात, वेष्टी झटकतात आणि मॅनेजरच्या तोंडावर म्हणतात, "फाउल!"

हे सगळं मी कौतुकानं सांगितलं असतं हो. पण त्यात माझी आई अडकली होती.

आई म्हणजे मामांची थोरली बहीण. तिला आता काही आठवत नाही. दोनदा गॅस उघडा ठेवला, एकदा परकर-पोलक्यावर बाजारात निघाली. मी तंजावूरच्या शाळेत गणित शिकवते, सकाळी सातला जाते ती संध्याकाळी सहाला येते. दिवसाची बाई ठेवली, ती आठवड्यात पळाली. चार महिने मी जन्मदात्या आईला घरात कोंडून, बाहेरून कुलूप लावून कामाला जात होते. वाचून राग आला ना? मला रोज यायचा, माझाच. म्हणून जागा शोधायला निघाले, तर मामा म्हणाले, "मी पडून बघितल्याबिगर अक्कास कुठं ठेवायचं नाही."

पहिला आश्रम पट्टीश्वरम्‌च्या वाटेवर. दारात कारंजं, कारंज्यात सिमेंटचे हंस. मामा पडले. अकरा मिनिटं झाली तरी चिटपाखरू फिरकलं नाही. शेवटी वॉकर सरकवत एक नव्वदीचे आजोबा आले आणि हळूच म्हणाले, "नवे का? इथं ओरडून उपयोग नसतो." न्हाणीघरात घंटेची दोरी होती, पण ती गुंडाळून वर, माझाही हात पोचणार नाही अशा खिळ्याला बांधलेली. विचारलं तर मॅनेजर हसून म्हणाली, "सारखी ओढतात हो म्हातारी माणसं!" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ओढतील नाही तर काय, बघत बसतील?

दुसरा आडुतुरैच्या रस्त्यावर. तिथं एक माणूस मिनिटभरात आला खरा, पण आला तो मामांच्या काखेत हात घालून पोतं ओढावं तसं ओढायलाच लागला. मामा ओरडले, "फाउल! पडलेल्यास आधी विचारायचं, कुठं दुखतं!" व्हरांड्यात एक आजी जुन्या साडीच्या पट्टीनं खुर्चीला बांधलेल्या होत्या. "सेफ्टीसाठी, मॅडम," तो माणूस म्हणाला. मी म्हटलं, "कुणाची सेफ्टी? तुमच्या झोपेची?" त्यावर त्यांनी आम्हाला फाटक दाखवलं.

तिसऱ्या ठिकाणी सकाळी अकराला सगळं चिडीचूप. बाराच्या बारा खाटांवर माणसं झोपलेली. "गोळी दिली की शांत असतात," तिथली बाई अभिमानानं सांगत होती. मामांनी स्टॉपवॉचला हातही लावला नाही. "चल," म्हणाले, "इथं मज पडायची गरज नाही. सगळे पडलेलेच आहेत."

चौथ्यालाही फाउल, पाचव्यालाही फाउल. परतताना बसमध्ये माझा तोल गेला. "मामा, तुम्हाला जागा शोधायचीच नाही! मामी गेल्याचा राग तुम्ही जगावर काढताय आणि इकडे माझी आई कुलपात आहे!" सगळी बस वळून बघायला लागली.

मामींचं काय झालं ते सांगितलंच पाहिजे. भाजीवाल्यांशी तमिळमध्ये भांडून सगळा बाजार गार करणारी आमची मामी म्हातारपणी तमिळ विसरली. उरलं फक्त घरातलं मराठी. मामांच्यानं तिला उचलणं होईना, म्हणून तिला आश्रमात ठेवली. एका दुपारी ती खाटेशेजारी पडली आणि "पडले, पडले" म्हणू लागली. आता तमिळमध्ये 'पडु' म्हणजे आडवं हो, नीज. तिथल्या बाईला वाटलं, आजींना खालीच निजायचंय. तिनं डोक्याखाली उशी दिली, पंखा लावला आणि गेली. खुब्याचं हाड मोडलेली मामी एकपासून चारपर्यंत उशीवर डोकं ठेवून "पडले" म्हणत होती. दीड महिन्यात ती गेली.

वर त्या मेल्यांनी आम्हालाच ऐकवलं, की घरच्यांना फोन करून विचारलं होतं! खोटं बोलायला यांची जीभ रेटते तरी कशी? मी त्या मॅनेजरला तिथल्या तिथे असा काही झाडला, की त्याच्या हातातला पेला हिंदकळला. मामा माझ्यामागे मान खाली घालून उभे होते. मला वाटलं, दुःखानं.

सहावी जागा मरुदानल्लूरला. हंस नाहीत, कारंजं नाही, जुनं कौलारू घर. घंटेची दोरी थेट फरशीपर्यंत सोडलेली. मला बरं वाटलं, पण मी बोलले नाही, कारण मामा आत गेले होते.

"पडले! पडले!"

सेल्वी नावाची चाळिशीची बाई हातातलं ताट टाकून धावली. मी तिच्यामागे. तिनं मामांना उचललं नाही. ओल्या फरशीवर, नेसत्या साडीनिशी, ती त्यांच्याजवळ बसली, डोक्याखाली हात घातला आणि नातीनं आजोबांना म्हणावं तशी म्हणाली, "हलू नका, तात्ता. कुठं दुखतंय?"

"पस्तीस सेकंद," मी मामांच्या गळ्यातलं घड्याळ बघून म्हटलं. मामांनी कळ दाबलीच नाही. घड्याळ चालूच राहिलं.

मग ते उठून बसले आणि तिथल्या तिथे त्यांची शाळा सुरू झाली. "आइक, माझी बहीण इथं येईल. उद्या ती तमिळ विसरेल. 'पडले' म्हणाली तर 'पडु' समजू नको. पडले म्हणजे विळुंदुट्टेन, खाली कोसळले. बोल, पडले!" सेल्वी म्हणाली, "पडले." स्वयंपाकीण म्हणाली. वॉचमनला बोलावलं, तोही सावधानमध्ये उभा राहून म्हणाला, "पडले." मॅनेजर भले गृहस्थ. त्यांनीही म्हणून दाखवलं आणि हसत म्हणाले, "काळजी करू नका. काही कळलं नाही तर लगेच घरी फोन करून विचारू."

"घरी विचारायचं नाही!"

मामा इतक्या जोरात ओरडले, की सेल्वी दचकून मागे सरली. मॅनेजर चपापून माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "मामा, अहो, चांगलंच बोलले ते."

मामा फरशीकडे बघत, फक्त मला कळेल अशा आमच्या मराठीत म्हणाले, "मज विचारिले होते."

"काय?"

"फोन आला होता. आजी खाली आहेत, पडु पडु म्हणतात, काय करू? तमिळमध्ये विचारिलं, तमिळमध्येच आइकलं मी. तुझी मामी उन्हाळ्यात दुपारची गार फरशीवर निजायची की नाही? म्हटलं, निजू द्या. आणि कॉफी पीत बसलो."

मामीच्या आश्रमातल्या त्या मॅनेजरला मी खोटारडा म्हटलं होतं. पण तो खोटं बोलला नाही म्हणून मी त्याला सोडणार नाही. तीन तास, अहो, तीन तास! फोन करून मोकळं व्हायचं, पण वाकून मामीचा वाकडा झालेला पाय बघायचा नाही? डोळे काय शोभेला होते? मी मामांना हेच सांगितलं, रागारागानं, रडत. "दोष त्यांचा आहे, मामा. त्यांचा!"

"त्यांस मराठी येत नव्हतं," मामा म्हणाले. "मज येत होतं."

आई आता मरुदानल्लूरला असते. मामा दर गुरुवारी जातात आणि दुपारी एकच्या ठोक्याला तिच्या खोलीबाहेरच्या फरशीवर पडतात. सेल्वी हातातलं काम टाकून धावते, दर वेळी फरशीवर बसते, दर वेळी विचारते, कुठं दुखतंय. टाइम आता तीच बोलते. मी व्याकरण सुधारायचं सोडून दिलंय.

मागच्या गुरुवारी शाळेला सुट्टी होती, म्हणून मी आईजवळ बसले होते. ती मला ओळखत नाही, मामांना तर नाहीच. बाहेरून आवाज आला, "पडले! पडले!" आईनं एकदम मान वर केली. किती महिन्यांनी तिच्या डोळ्यांत काही हललं.

"पडली की गे ती!" आई ओरडली. "बघता काय? उचला तिला!"

मी दारात गेले. मामा फरशीवर आडवे होते, डोक्याखाली सेल्वीचा हात होता आणि दोन्ही डोळे घट्ट मिटलेले होते.

"उचलली गे, अक्का," ते म्हणाले. "उचलली तिला."